खाणावळीचे देणे

शिजविलेले अन्न विकू नये, असे आपल्या शास्त्रकारांनी सांगून ठेविले आहे. आपत्काळी व्यापार करून पोट भरण्याची पाळी ज्या ब्राह्मणावर येईल त्याने कोणत्या वस्तूंच्या विक्रीपासून दूर राहावे, ह्याची एक यादी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. तीत दगड, मीठ, पशू, किंबहुना माणसे ह्यांच्या पंक्तीस शिजलेले अन्नही बसविले आहे. माणूस विकणे आणि भात विकणे ही दोन्ही कृत्ये एकाच श्लोकात निषिद्ध ठरावीत हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण थोडा विचार केला तर ह्या निषेधाच्या मुळाशी असलेली भावना आपल्याही मनातून अगदीच गेलेली नाही, असे आढळून येईल. तांदूळ विकणाऱ्या वाण्याविषयी आपल्या मनात कसलाही किंतु येत नाही. तोच तांदूळ कोणी चुलीवर चढविला, त्याच्यापाशी धुरात बसून राहिले, तो मऊ झाला की नाही हे बोटाने दाबून पाहिले आणि मग आपल्यापुढे वाढला, की त्यात त्या माणसाचे काहीतरी उतरले असे आपल्याला वाटू लागते; आणि त्या ‘काहीतरी’ची किंमत करावयाची म्हटले म्हणजे जीभ थोडी अडखळते. पाहुणा म्हणून जेवून उठताना यजमानाच्या हातावर कोणी पैसे ठेवले तर तो अपमान होतो. उलट खाणावळीतून पैसे न देता उठणे ही चोरी होते. अन्न तेच, हात तसेच, भूकही तीच. मग ह्या दोन जेवणांत भेद कोठे पडला?

मला हा प्रश्न पडला तो ग्रंथ वाचताना नव्हे, जेवताना पडला. आणि तोही धामापुरास.

कुडाळहून नेरूरपारावरून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. लोक येथे येतात ते तलाव पाहावयास. दोन्ही बाजूंस डोंगर, त्यांच्यावर दाट झाडी, मध्ये स्वच्छ पाणी आणि काठावर भगवतीचे देऊळ. विजयनगरच्या अंमलात नागेश देसाई नावाच्या मांडलिकाने १५३० साली हा तलाव बांधविला असे सांगतात. धामापूर आणि शेजारचे काळसे ह्या दोन गावांची शेती त्याच्या पाण्यावर पिकत आली आहे, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन मंडळाने जगातील वारसा-सिंचनस्थळांत त्याची गणना केली. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटनाचा जिल्हा म्हणून जाहीर झाल्यापासून ह्या बाजूला पाटीवाल्या खाणावळी पुष्कळ निघाल्या. मी जिच्याविषयी लिहीत आहे ती मात्र त्यांतली नव्हे. तिला पाटी नाही, भावपत्रक नाही आणि गल्लाही नाही. एक चिरेबंदी घर, पुढे सारवलेले खळे, खळ्यावर पोफळीच्या खांबांचा मांडव, पावसाळ्यात त्याच्यावर पत्रे. मांडवात दोन टेबले आणि चार बाके. त्यांतल्या एका बाकाचा पाय आखूड, म्हणून त्याखाली चिऱ्याचा तुकडा सरकविलेला. दुसऱ्या टेबलाच्या टोकाला घरातली मुले पाढे लिहीत बसतात, आणि गिऱ्हाईक आले म्हणून त्यांना कोणी उठवीत नाही. जेवावयाचे असेल तर सकाळी सांगून जावे लागते. काय मिळेल हे विचारण्यात अर्थ नसतो. घरात जे शिजले असेल ते मिळते. मध्येच वासरू अबोलीच्या रोपांत शिरले तर वाढणारी बाई हातातले भांडे आपल्यापुढे ठेवून त्याच्यामागे धावते, आणि आपण आपल्या हाताने वाढून घ्यावे हे गृहीतच असते. जेवण झाल्यावर ताट उचलून न्हाणीजवळ नेऊन ठेवावे. मुंबईचा एक कुटुंबवत्सल गृहस्थ हे ऐकून बराच वेळ आपल्या ताटाकडे पाहत राहिला होता. मग त्याच्या बायकोनेच दोन्ही ताटे उचलली.

मी प्रथम गेलो तो दिवस आषाढातला होता. “काकानू, मासो आज गावूचो नाय. बंदी चालू असा,” असे बाईने आल्या आल्याच सांगून टाकले. पावसाळ्यातली ती मासेमारीची बंदी. मग काळ्या वाटाण्यांचे सांबारे, वडे, उकड्या तांदळाचा भात, फणसाच्या आठळ्या घातलेली कसलीशी पालेभाजी आणि सोलकढी असे जेवण झाले. ते कसे होते हे सांगत बसण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच सांगतो की, मासा नसल्याची मला आठवण राहिली नाही. हात धुऊन मी पैसे विचारले, तेव्हा ती चुलीपाशी पाठमोरी होती. तशीच पाठमोरी म्हणाली, “काय काय घेतलात तां तुमीच सांगा.”

किती वडे खाल्ले हे मी मोजले नव्हते. मला ते आठवून सांगावे लागले, आणि सांगताना मला घाम फुटला. का फुटला ते पुढे येईल.

आधी त्या शास्त्रवचनाचा हिशेब पुरा करू. फुकट दिलेले अन्न पवित्र आणि विकलेले अन्न हीन, ही मांडणी ऐकावयास गोड आहे. पण फुकटचे अन्न खरोखर फुकट असते काय, हे ज्यांनी ते खाल्ले त्यांना विचारले पाहिजे. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांचे सात वार. महाराष्ट्रातील कित्येक थोर माणसे ह्या वारांवर वाढली हे खरे, आणि त्या घरांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. पण वारावर जेवणाऱ्या मुलाला यजमानिणीची चर्या पाहून भाताचा दुसरा वाढा मागावा की नाही हे ठरवावे लागे. त्याला घरची पोरे खेळवावी लागत, पाणी शेंदावे लागे, पूजेची फुले काढावी लागत. एखाद्या घरी श्राद्ध निघाले किंवा माणसे गावाला गेली तर त्या वारी पाणी पिऊन निजावे लागे. त्याच्याकडून पैसा घेत नसत; त्याच्याकडून मान खाली घालणे घेत. शिवाय वार लागावयाचा तर जात विचारली जाई, गोत्र विचारले जाई, कोणाचा कोण हे विचारले जाई. ज्याला ह्या प्रश्नांची पसंत पडणारी उत्तरे देता येत नसत त्याच्यासाठी आठवड्यात एकही वार नव्हता. अतिथीला देव मानावे असे तैत्तिरीय उपनिषदाने सांगितले. परंतु कोणत्या अतिथीला ओटीवर बसवावे, कोणाला माजघरात घ्यावे आणि कोणाला खळ्याच्या कडेला पान मांडावे, ह्याचा निर्णय प्रत्येक घराने आपापल्या सोयीने केला.

ह्या दृष्टीने पाहिले तर ज्या दिवशी त्या मुलाच्या खिशात पहिल्यांदा चार पैसे आले आणि तो खाणावळीत जाऊन बसला, तो दिवस त्याच्या मुक्ततेचा होता असेच म्हटले पाहिजे. तेथे त्याला दुसरा वाढा हक्काने मागता येई. आमटी पातळ आहे असे म्हणण्याचाही त्याला अधिकार होता, आणि खाणावळीत जेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो अधिकार किती मनापासून बजावला आहे हे कोणाला ठाऊक नाही! पैशात पुष्कळ दोष आहेत. पण तो माणसाचे नाव विचारीत नाही, हा त्याचा एक मोठा गुण आहे.

निदान त्याने विचारू नये, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात आपल्या समाजाने पैशालाही जात विचारावयास शिकविले. अमक्या जातीची खाणावळ, तमक्या जातीची खाणावळ अशा पाट्या आपल्या शहरांतून उघड लागत. ह्या दक्षिण कोकणाचे मुख्य ठिकाण तेव्हा रत्नागिरी होते. तेथे १९३३ साली सावरकरांच्या प्रेरणेने अखिल हिंदू उपहारगृह निघाले, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा सर्वांनी एकत्र बसून पिणे हे त्या काळी केवढे धाडस ठरले, हे आज तेथे चहा पिणाऱ्याला सांगूनही पटणार नाही. दुसऱ्या बाजूने, १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील आपल्या इंग्रजी प्रबंधात डॉ. आंबेडकरांनी सहभोजनाच्या मर्यादा स्पष्ट दाखवून दिल्या. ज्या जाती एकमेकींच्या पंक्तीला बसतात त्यांच्यातूनही जातीची जाणीव गेलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरेच आहे. शेजारी बसून जेवल्याने माणसे समान होत नाहीत. रेल्वेच्या डब्यात शेजारी बसल्याने तरी कोठे होतात? तेव्हा खाणावळीतील पैशाचे गुणगान मी एका मर्यादेतच करतो. तो जेवणाऱ्याला मिंधेपणातून सोडवितो. त्यापलीकडे त्याच्याकडून फार मागू नये.

पण मग त्या पैशाने सगळे फिटते काय? अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, खाटीक, मद्य गाळणारा किंवा पाव भाजणारा ह्यांच्या परोपकारबुद्धीतून आपले जेवण आपल्याला मिळत नाही. ते आपापला स्वार्थ पाहतात, म्हणून मिळते. ह्या म्हणण्यात एक प्रकारचा स्वाभिमान आहे, आणि वारावर जेवलेल्या मुलाला तो ताबडतोब समजेल. परंतु स्मिथने ही उदाहरणे घेतली ती दुकानांची घेतली. दुकानात एका हाताने पाव द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने पैसा घ्यावयाचा. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी होतात. खाणावळीत तसे होत नाही. नाटकाचे तिकीट आधी काढावे लागते, आगगाडीचे आधी काढावे लागते. जेवणाचे पैसे मात्र मागून द्यावयाचे, अशी रीत आहे. आणि जेवण ही वस्तू अशी की, एकदा खाल्ल्यावर ती परत करता येत नाही. कापड पसंत नसेल तर फिरविता येते. पोटात गेलेला घास कोणत्याही न्यायालयाला जप्त करता येत नाही. पान वाढल्यापासून पैसे देईपर्यंत जो अर्धा-पाऊण तास जातो, तेवढ्या वेळात खाणावळवाल्याने आपले सर्वस्व पुढे टाकलेले असते आणि आपण काहीच दिलेले नसते. तेवढ्या वेळापुरता तो यजमान असतो आणि आपण अतिथी असतो. आदरातिथ्य आणि विक्री ह्यांच्यातील भेद मी शोधीत होतो तो पैशात नाही, ह्या मधल्या वेळेत आहे, असे मला वाटू लागले आहे. आपण जे खाल्ले ते विकत घेतले की चोरले, हे वाढताना ठरत नाही. हात धुतल्यावर आपण काय बोलतो त्यावर ते ठरते.

मोठ्या उपहारगृहांनी हा मधला वेळ बुजवून टाकण्यासाठी नाना युक्त्या काढल्या आहेत. कोठे आधी चिठ्ठी फाडतात, कोठे वाढप्या ओरडून गल्ल्यावर आकडा सांगतो, आणि आता तर यंत्रच सर्व लिहून ठेवते. जेथे माणसे थोडी आणि ओळखीची आहेत, तेथे मात्र ही फट उघडीच राहते. आणि ती केवळ आपल्या कोकणातच आहे असेही नाही. मेक्सिको देशात टाको नावाचा पदार्थ रस्त्याकडेच्या गाड्यांवर उभ्या उभ्या खातात. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात, त्याची पातळ भाकरी तव्यावर भाजतात आणि तीत मांस, कांदा, कोथिंबीर व तिखट चटणी घालून हातावर ठेवतात. त्या खंडातूनच मिरची पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्या किनाऱ्याला आली, तेव्हा मालवणी मसाल्याचे आणि त्या चटणीचे नाते दूरचे असले तरी खरे आहे. तेथील पुष्कळ गाड्यांवर गिऱ्हाइकाने पोट भरेपर्यंत खावे आणि शेवटी किती खाल्ले ते आपल्याच तोंडाने सांगून पैसे द्यावेत, अशी रीत आहे. धामापूरच्या बाईने मला विचारले ते ह्याहून वेगळे नव्हते. अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावरील दोन चुलींना एकच प्रश्न सुचावा, ह्याचे कारण मी वर सांगितले तेच असावे.

धामापूरच्या लोकांना तर हा प्रश्न त्यांच्या तलावानेच शिकविला आहे. तेथली एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. पूर्वी गावात कोणाच्या घरी लग्नकार्य निघाले आणि मुलीच्या अंगावर घालावयास दागिने नसले, तर घरच्या माणसाने फुलांचे दागिने करून परडीत घालून तलावात सोडावेत. परडी बुडे, आणि वर येई तेव्हा तीत तसेच सोन्याचे दागिने असत. कार्य उरकले की ते परत करावयाचे. तारण नाही, साक्षीदार नाही, कागद नाही. पुढे कोणी एकाने दागिने परत केले नाहीत आणि तेव्हापासून तलाव दागिने देईनासा झाला. कथा एवढीच. तो मनुष्य कोण होता, त्याने ते दागिने का ठेवून घेतले, पुढे त्याचे काय झाले, ह्याविषयी ती बोलत नाही. त्याला काही शिक्षा झाल्याचेही मी ऐकलेले नाही. लहानपणी मला ह्या गोष्टीचा राग येई, कारण गोष्टीत लबाडाला शिक्षा ही झालीच पाहिजे. आता मला त्या मनुष्याविषयी निराळेच कुतूहल वाटते. पुढच्या वर्षी शेजारच्या घरातले लग्न आले असेल आणि कोणी रिकामी परडी घेऊन काठावरून परत येत असेल, तेव्हा तो आपल्या ओटीवर बसून त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहत असेल? मला हे कुतूहल वाटण्याचे कारण असे की, ती नजर मला ठाऊक आहे.

मी १९७९ साली नोकरीसाठी मुंबईस गेलो. माझे गाव ह्याच मुलखातले. तेव्हा तो रत्नागिरी जिल्हाच होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. लालबागेतल्या एका चाळीत गावकऱ्यांचा गाळा होता, तेथे पथारीपुरती जागा मिळाली. त्या गाळ्यातली बहुतेक माणसे गिरण्यांत कामाला. मी एका पेढीवर कारकून. जेवण त्याच चाळीत, एका बाईच्या खोलीत. गिरणगावात अशा खाणावळी जागोजाग होत्या. दहा बाय बाराची खोली, नवरा गिरणीत किंवा आजारी, आणि बाई पहाटे चारला उठून वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापणार. पाळ्या तीन, म्हणून पंक्तीही तीन. पैसे महिन्याच्या शेवटी, पगार झाला म्हणजे. कोकणातल्या घराघरांना मनीऑर्डरी येत त्या ह्या बायकांच्या भाकऱ्यांवर उभ्या होत्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९७४ च्या सुमारास ४२ दिवसांचा संप झाला तेव्हा ह्या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः सावकाराच्या तावडीत सापडल्या. त्यांच्यासाठीच प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेच्या कर्जाचा मार्ग त्यांना मोकळा करून दिला. आमची मावशी त्या मंडळात होती की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. तिचे आडनावसुद्धा मी कधी विचारले नाही. आम्ही सगळे तिला मावशी म्हणत असू, आणि तेवढ्यावर आमचे भागत असे.

१८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहिल्या महिन्याच्या अखेरीस पैसे द्यावयाची वेळ आली तेव्हा पंक्तीत कोणी बोलेना. मावशी ताटे मांडीत होती. ती कोणा एकाला उद्देशून न बोलता म्हणाली, “असू दे रे. संप मिटला की द्या.” मीही त्या पंक्तीत बसलो होतो. माझ्या पेढीला संप नव्हता. माझा पगार एक तारखेला झाला होता आणि तो त्या वेळी माझ्या खिशात होता. ‘माझे घ्या’ असे म्हणावयास एक क्षण लागला असता. परंतु सगळे गप्प असताना मी एकट्याने पैसे काढणे म्हणजे शेजाऱ्याला खाली पाहावयास लावणे, असे मी मनाशी म्हटले. हे कारण अगदीच खोटे नव्हते. दुसऱ्या महिन्यात तेच कारण पुन्हा वापरले, आणि तेव्हा ते बरेच खोटे झाले होते. मार्चमध्ये माझी ठाण्याला सोय झाली आणि मी गाळा सोडला. मावशीचे दोन महिने आणि अकरा दिवसांचे देणे राहिले. निघताना तिने वाटेत खाण्यासाठी चार भाकऱ्या आणि लसणीची चटणी फडक्यात बांधून दिली. लालबागेहून ठाणे ते किती दूर!

संप मिटल्यावर द्यावयाचे, असे ठरले होते. पुढे जे घडले ते सर्वांना माहीत आहे. कामगार थोडे थोडे करून परतले, पुष्कळांना परतावयास गिरणीच राहिली नाही, कित्येक कायमचे गावी आले. परंतु तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधीच झाली नाही. म्हणजे अक्षरशः पाहू गेले तर माझ्या देण्याची मुदत अजून भरलेलीच नाही. हा युक्तिवाद मी विनोदाने करतो असे वाचकांनी समजू नये. निदान सात-आठ वर्षे मी तो गंभीरपणे केला. वर्तमानपत्रात गिरण्यांची काही बातमी आली की, ‘अजून मिटलेला नाही’ असे काहीतरी मनाच्या तळाशी उमटे आणि बरे वाटे.

१९९० च्या पुढे केव्हातरी मी त्या चाळीत गेलो. मावशीच्या खोलीत दुसरे कुटुंब होते. ती गावी गेली, एवढेच कळले. गाव कोणते ह्याविषयी तिघांनी तीन नावे सांगितली. आज ती चाळही नाही. धनको हरवला तर ऋणकोने काय करावे? आपल्या धर्मशास्त्राने ऋणाचा विचार बारकाईने केला आहे. बापाचे ऋण मुलाने फेडावे, देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण अमुक मार्गाने फेडावे, हे सर्व त्यात आहे. पण ज्या बाईचे आडनाव आपण विचारले नाही, तिचे ऋण कोठे नेऊन टाकावे? मी एका अन्नछत्राला पैसे पाठविले, त्या दिवसांच्या हिशेबापेक्षा पुष्कळच अधिक. त्यांची पावती आली. तीवर दाता म्हणून माझे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले होते. ती पावती मी फाडून टाकली, कारण जो मनुष्य बुडवून पळाला होता तो त्या कागदावर दाता होऊन परत आला होता. दान हे देण्याच्या उलट आहे, हे मला तेव्हा कळले. देणे चुकविताना मान खाली असते. दान करताना ती आपोआप वर होते. माझी ती वर व्हावी असे मला काही केल्या वाटेना.

धामापूरला मी पुढे अनेकदा गेलो. एकदा पुण्याकडची पाच-सहा मंडळी शेजारच्या टेबलावर जेवली. उठताना त्यांच्यातल्या एकाने बाईला वड्यांचा आकडा सांगितला. मी काही मोजीत नव्हतो. पण तो आकडा खरा नव्हता हे माझ्यासारख्या आंधळ्यालाही कळले असते. बाईने मान हलविली, पैसे घेतले आणि मुलांना पेरू दिले. गाडी गेल्यावर मी तिला विचारले, असे कोणी कमी सांगितले तर तुम्हांला कळते काय? ती हसली. म्हणाली, “आमकां कळता. पण आमी बोलणव नाय.”

साहजिकच आहे. वडे तिनेच थापले, तिनेच तळले. किती गेले हे तिला ठाऊक नसेल तर कोणाला असेल? मग विचारते कशाला, आणि खोटे सांगितले तर गप्प का बसते? व्यापारी शहाणपण म्हणून तर नव्हे? गिऱ्हाईक दुखावले तर पुन्हा येणार नाही, दोन वड्यांसाठी भांडण कशाला, असा तिचा हिशेब असू शकेल, आणि तसा तो असला तर त्यात काही कमीपणा नाही. मी तसे सुचविलेही. तिने विळीवरचे काम न थांबविता उत्तर दिले, “जेवलेल्या माणसाक काय बोलतलंय?”

मी बराच वेळ तेथे बसून राहिलो. चाळीस वर्षे मी एक गोष्ट धरून चाललो होतो की, माझ्या खिशातला पगार फक्त मला ठाऊक होता. मावशीच्या पंक्तीला बसणाऱ्या वीस माणसांपैकी एकोणीस जण त्या महिन्यांत दाढी वाढवून, एकच सदरा घालून दिवसभर नाक्यावर उभे असत. विसावा रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, हातात छत्री घेऊन तिच्या दारावरून कामाला जात असे, आणि संध्याकाळी परत येऊन ताटावर बसे. ती भाकऱ्या मोजून थापीत असे. जी भाकऱ्या मोजते तिला माणसे मोजता येत नाहीत, असे मी कशावरून ठरविले? आणि निघताना ती फडक्यातली शिदोरी! ती तिने न कळून दिली असे मानले तर माझे देणे दोन महिने अकरा दिवसांचे राहते. कळून दिली असे मानले तर ते किती होते, हे मला मांडता येत नाही.

परवा पुन्हा तेथे जाणे झाले. पाऊस लागून राहिला होता, मुले शाळेत, मांडवात मी एकटाच. ह्या वेळी मी वडे मोजून खाल्ले. मला आता ती खोडच लागली आहे. हात धुऊन आलो, ताट न्हाणीजवळ ठेविले आणि तिने विचारण्यापूर्वीच सांगितले : एक जेवण, वर पाच वडे, दोन वाट्या सोलकढी.

“चारच धरा,” ती चुलीकडूनच म्हणाली, “एक करपलेलो.”

तो करपलेला नव्हता. मी चारांचे पैसे दिले आणि पाऊस उघडण्याची वाट पाहत आखूड पायाच्या बाकावर बसलो.